न उतरणारी खुर्ची

पंपआत्या सही करायलाच आली होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर घराण्यात या दिवसाच्या ज्या हकीकती फिरल्या, त्यांत ती भांडायला आली होती, बाह्या सरसावून आली होती, पर्समध्ये पाना घालून आली होती, असं रंगवून सांगतात. पाना होता, पण तो तिच्या पर्समध्ये कायमच असे, दुसऱ्यांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसा. तिचा बेत साधा होता. दादाच्या शोरूममध्ये जायचं, दादा बोट ठेवेल तिथे सही करायची, वहिनींच्या हातचा चहा घ्यायचा आणि संध्याकाळची पाळी लागायच्या आत आपल्या पंपांच्या कारखान्यात परतायचं.

बैठक होती दादाच्या, म्हणजे घराण्यातल्या थोरल्यांच्या, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. सलूनच्या खुर्च्या विकायच्या तर समोर आरसा हवा, म्हणून शोरूमच्या दोन्ही भिंतींना छतापर्यंत आरसे होते. ते समोरासमोर असल्यामुळे पाच नातेवाईक जमले तरी पाचशे जमल्यासारखे दिसत, आणि पाचशेच्या पाचशे एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत. खालून यंत्रांचा आवाज येत होता, पण अर्धाच. दोनपैकी एका लाईनीवर थोरल्यांनी प्लास्टिक अंथरलं होतं. तात्पुरतं आहे, असं ते सगळ्यांना सांगत. चालू लाईनीवरची माणसं जेवणाच्या सुट्टीत त्या प्लास्टिककडे पाठ करून बसत.

घराण्यातली पहिली खुर्ची थोरल्यांच्या वडिलांनी ट्रकच्या जॅकवर बसवली होती. जॅक ट्रक उचलायच्या ताकदीचा, आणि गिऱ्हाईक पडलं किडकिडीत. पहिल्याच दिवशी सलूनवाल्याने पायदांडीवर जरा जोर दिला आणि गिऱ्हाईक गेलं ते थेट वरच्या मजल्याच्या खिडकीशी. वरच्या बाईंनी त्याला चहा दिला, उरलेली दाढी त्यांच्या नवऱ्याने केली, आणि निम्मे पैसे त्यालाच द्यावे लागले, असं वडील शपथेवर सांगत. त्यांच्या शपथा बऱ्याच असत.

पुढे मुलं भांडायला लागली तेव्हा वडिलांनी एक खुर्ची बोलण्यासाठी राखून ठेवली. तिच्या पंपाची झडप मुद्दाम किंचित कानसलेली. बोलणाऱ्याने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने दांडी मारून त्याला पार वर न्यायचं, मग खुर्ची आपली सावकाश खाली येत राहणार. पाय जमिनीला टेकेपर्यंत बोलायचं, टेकले की उठायचं. तोवर बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत, भाषण करू नये, आणि दांडीला कुणी हात लावू नये. जड माणूस लवकर उतरतो, हलका उशिरा. त्यामुळे या घराण्यात लठ्ठ माणसं मुद्द्याचं बोलायला शिकली आणि हाडकुळी माणसं पाल्हाळ लावायला.

थोरले घराण्यात सगळ्यांत वजनदार. वहिनींनी दांडी मारून त्यांना वर नेलं आणि ते वर पोचायच्या आधीच बोलायला लागले.

"सीमेपलीकडून खुर्ची येतेय, आपल्या निम्म्या भावात. सलूनवाले तीच घेतायत. असंच चाललं तर खालची दुसरी लाईनही बंद. उद्या सुनावणी आहे. पलीकडच्या खुर्चीवर कर लावा, असा अर्ज सूनबाईने केलाय. पण या देशात खुर्ची आणि खुर्चीचे भाग मिळून जेवढं काम होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त कामाच्या मालकांच्या सह्या असल्या तरच अर्ज धरतात. मी एकटा पुरत नाही. चिमणे, तू आणि मी मिळून पुरतो. तुझ्या पंपाला मी हात लावत नाही, कर फक्त..."

पाय टेकले.

"खुर्चीवर," थोरले उभे राहून म्हणाले. तेवढी सूट त्यांना मिळाली.

पलीकडची खुर्ची म्हणजे कुणाची, हे कुणी बोलून दाखवलं नाही. ती धाकट्याची होती. थोरले, पंपआत्या आणि धाकटा ही तीन सख्खी भावंडं, आत्या मधली. खुर्चीच्या हातात रक्षापात्र असावं की नसावं यावरून दोघा भावांचं वाजलं होतं. आता सलूनमध्ये कोण सिगारेट ओढतं, असं धाकट्याचं म्हणणं. वडिलांनी बसवलंय ते राहील, असं थोरल्यांचं. धाकटा तडकाफडकी सीमेपलीकडे गेला, तिकडेच लग्न केलं, तिकडेच बिनरक्षापात्राच्या खुर्च्या करायला लागला. आता त्याला तिकडचे लोक तिकडचाच समजत.

शोरूमच्या मधोमध चादरीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. थोरल्यांनी चादर ओढली. धाकट्याची खुर्ची. एका व्यापाऱ्याकडून विकत आणलेली, पुरावा म्हणून उद्या न्यायची होती.

"आता बाकीच्यांनी यावर बसून बोला," थोरले म्हणाले. "बघू किती वेळ बोलायला मिळतो ते. या भावात चिमणीचा पंप बसणं शक्य आहे का? तिच्याकडून नमुन्याला चार नेतो आणि आत घालतो कुठलं तरी डबडं. ढेकर द्यायच्या आत खाली येईल. चल चिमणे, बस."

इथे पंपआत्याला बोलता आलं असतं. पण खुर्चीकडे बघताना तिच्या मनात जे आलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही: या एका खुर्चीत तरी धाकट्याने दुसऱ्या कुणाचा पंप घातलेला असू दे, आणि तो गळू दे. सगळं आयुष्य पंप गळू नयेत म्हणून घालवलेल्या बाईने पहिल्यांदाच एखादा गळावा अशी इच्छा केली.

ती बसली. वहिनींनी दांडी मारली. खुर्ची लोण्यासारखी वर गेली.

"मी सही करतेय," आत्या म्हणाली. "दादा म्हणतोय म्हणून. बस."

एवढं बोलून ती खाली यायची वाट बघायला लागली.

थोरल्यांची नजर खुर्चीच्या चकचकीत दांड्यावर होती. दांडा केसभरही सरकला नाही. वहिनी चहा घेऊन आल्या, तो वर हात करून द्यावा लागला. आत्याने चहा प्यायला, बिस्कीट खाल्लं, कप खाली दिला. खुर्ची होती तिथेच. पाय टेकल्याशिवाय उतरायचं नाही, आणि उतरल्याशिवाय दुसऱ्याने बोलायचं नाही. आरशांतून शंभर पंपआत्या छताशी बसून खाली बघत होत्या.

"वन्सं, बोला की काहीतरी," वहिनी कुजबुजल्या. "कसंतरीच वाटतंय."

"काय बोलू? झालं माझं बोलून." मग आत्याने मोठा श्वास घेतला. "दादा, हा माझा पंप आहे."

"नमुन्यातला असेल."

"नमुनाबिमुना काही नाही. तो दुसऱ्या कुणाचा पंप घेतच नाही. माझ्याकडे होतात त्यातले चारात तीन पलीकडे जातात."

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"तू विचारलंस का? तू फोन करतोस आणि म्हणतोस, बरं चाललंय ना. मी म्हणते, चाललंय. बरं कशामुळे चाललंय ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही बरी गप्प बसले."

"मग त्याची खुर्ची इतकी स्वस्त कशी?"

"पंप सोडून बाकी सगळ्यात काटकसर करतो म्हणून. हात पत्र्याचे, पाठ पातळ, आणि ती रक्षापात्रं नाहीत. त्याच्या खुर्चीच्या किमतीत निम्मा वाटा माझ्या पंपाचाच आहे."

थोरल्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या कोपराला हात लावला. "प्रश्न असेल तर विचारा. भाषण नको."

"प्रश्नच आहे!" थोरले म्हणाले. "मी पंपावर कर मागतच नाहीये, हे किती वेळा सांगू?"

"अरे, पण पंप कुठे असतो? सीटखाली! माझ्या दारातून निघतो, पलीकडे जातो, सीटखाली बसून परत येतो. नाक्यावरचा माणूस सीट उचलून बघणार आहे का, हा कुणाचा कोण म्हणून? मुलगी सासरहून माहेरी आली आणि दारातच तिला परकी म्हणून पावती फाडायला लावली, तसं आहे हे. कर खुर्चीवर लावशील, त्यातला निम्मा माझ्या पंपावर बसेल. मग खुर्च्या कमी खपतील आणि माझ्याकडच्या माणसांना मी काय सांगू? दादाचं बरं चाललंय?"

खोलीत कुणी हललं नाही. खुर्ची तर नाहीच.

"मी मोडता घालत नाही," आत्या जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तू लाव कर. पण माझा पंप वजा करून लाव. जे खरोखर तिकडचं आहे तेवढ्यावर."

"असं कुठे असतं का?" थोरले म्हणाले.

"असतं," सूनबाई म्हणाल्या.

सूनबाई म्हणजे थोरल्यांच्या मुलाची बायको, वकील. नवरा मालाच्या कामानिमित्त कायम फिरतीवर, त्यामुळे सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची सूनबाईंचीच. त्यांनी असतं म्हटलं आणि सासऱ्यांचा चेहरा बघून, आपण गप्प बसायला हवं होतं हे त्यांच्या ध्यानात आलं. पण वकिलाच्या तोंडातून निघालेलं परत आत जात नाही.

"आपला भाग बाहेर जाऊन परत आला तर त्याची किंमत सोडून बाकीच्यावर कर लावता येतो. तशी तरतूद आहे. मी अर्जात घातली नाही, कारण पंप वजा केला की कर मूठभर उरतो, बाबा."

"मूठभर कराने माझी लाईन चालायची नाही."

"म्हणूनच नाही घातली."

आत्याने वरून सूनबाईंकडे बघितलं. रागाने नव्हे. एखादा सुटा भाग कुठल्या धातूचा आहे हे बघावं तसं.

एवढा वेळ व्याही कोपऱ्यात फळांची करंडी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची फाउंड्री पलीकडे. थोरल्यांची मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली, आणि थोरल्यांच्या खुर्च्यांचे भरीव ॲल्युमिनियमचे हात, पायपट्टी आणि ती रक्षापात्रं त्यांच्याच भट्टीतून ओतून येत. आज ते केवळ आपुलकीने आले होते, निदान करंडीवरून तसं दिसत होतं. त्यांना बोलायचं होतं, पण वर बसलेल्या बाई उतरायला तयार नव्हत्या. शेवटी वहिनींनीच तोड काढली: व्याह्यांनी जुन्या खुर्चीत बसावं, पाहुण्यांना वेगळा नियम.

"मी तर म्हणतो, कर लावाच," व्याही वर जाता जाता म्हणाले. "चांगला दणकून लावा. घरच्या धंद्याला आधार नको? थोरल्यांसारखा माणूस, वडिलांचं नाव चालवतोय, आणि कुणीतरी पत्र्याचे हात लावून बाजार बिघडवतो. ताई, तुम्ही मन मोठं करा."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. व्याही पलीकडचे. अर्ज पलीकडच्या मालाविरुद्ध. आणि खोलीत टाळ्या वाजवणारा माणूस एकच, तोही पलीकडचा.

"काका, एक विचारू?" सूनबाई म्हणाल्या. "आमच्या खुर्चीचा भाव वाढला तर तुमच्या हातांचा भाव काय राहील?"

"आता धातू महागलाय..."

"आज महागलाय की कर लागल्यावर महागणार आहे?"

"पोरी, तू वकील आहेस. भट्टीला किती खायला लागतं ते तुला काय माहीत!" व्याह्यांची खुर्ची निम्म्यावर आली होती. ते घाईने बोलायला लागले. "आणि समजा थोडा भाव वाढवलाच, तर पैसा जातो कुठे? घरातच ना! तुमची मुलगी आमच्याच घरी आहे."

हे अर्थातच खरं होतं. वहिनींना कराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की या माणसाचं तोंड वाकडं झालं तर त्यांच्या मुलीला ते रोज जेवणाच्या टेबलावर बघावं लागेल. त्यांनी चटकन बिस्किटांची बशी पुढे केली.

"म्हणजे," थोरले सावकाश म्हणाले, "कर मी मागायचा, सुनावणीला मी उभं राहायचं, भाऊ माझ्यावर चिडणार, बहीण बुडणार, आणि वाढलेला भाव..."

"घरातच, घरातच," व्याही म्हणाले. त्यांचे पाय टेकले. ते उठले आणि बशीतलं बिस्कीट घेतलं.

थोरल्यांनी सूनबाईंना खुणेने खांबामागे बोलावलं. आरशांमुळे त्या खोलीत खांबामागे म्हणून काही नव्हतं, पण दोघांनी तसं मानलं.

"चिमणीच्या सहीशिवाय नाही का काही होत?"

सूनबाईंना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. उत्तरही तयार होतं, फक्त ते सहज निघत नव्हतं. लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात त्यांच्याशी पहिल्यांदा मोकळेपणी बोललेलं माणूस म्हणजे आत्या. "होतं," सूनबाई म्हणाल्या. "पलीकडच्या उत्पादकाशी ज्याचं नातं आहे, त्याला इथल्या उद्योगात धरू नका, अशी मागणी करता येते. आत्या त्यांची बहीण. शिवाय तीन चतुर्थांश माल त्यांना विकतात. त्यांना वगळलं, की उरलेलं सगळं काम आपलंच. मग तुमची एकट्याची सही पुरते."

"म्हणजे काय लिहायचं?"

"की त्या आपल्या नाहीत. पलीकडच्या आहेत. उद्योगापुरतं, बाबा."

समोरच्या आरशात थोरल्यांना छताशी बसलेली बहीण दिसत होती. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि धाकटा आत आला. त्याला वहिनींनी गुपचूप फोन केला होता. नाक्यावर गाड्यांची रांग होती म्हणून उशीर झाला, असं तो दारातूनच म्हणाला. मग वर बघितलं.

"ताई, तू वर काय करतेयस?"

"उतरत नाहीये."

"उतरणारच नाही. चांगला पंप आहे."

व्याही खोकले. थोरले खिडकीतून अंगणातल्या ट्रककडे बघायला लागले, जणू तो ट्रक त्यांनी आजच बघितला.

धाकटा जुन्या खुर्चीत बसला नाही, कुणी बसवलंही नाही. तो उभ्यानेच बोलला. "दादा, मी भांडायला आलेलो नाही. एक गोष्ट कानावर घालायला आलोय. आमच्या तिकडे पंपवाले जमलेत. त्यांचाही अर्ज आहे: इकडच्या पंपावर कर लावा. माझ्याकडे सहीला आले होते. मी नाही केली."

"बहिणीसाठी?" थोरल्यांनी ट्रकला विचारलं.

"माझ्या खुर्चीसाठी. तिचा पंप महागला तर माझीच खुर्ची महागते. स्वतःच्याच पायावर मी कशाला धोंडा मारून घेऊ? बहीण आहे ती गोष्ट निराळी. तिचा पंप बरा नसता तर मी राखीला... म्हणजे भेटीला आलो असतो, पंप घेतला नसता."

"आणि दादाचा कर लागला तर?" आत्याने वरून विचारलं.

धाकट्याने मान वर केली. "तर पहिला तुझा पंप काढीन, ताई. आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून तोंड लपवायला नको. कर भरून खुर्ची विकायची तर भाव कुठून तरी खाली आणायला लागेल. हात पत्र्याचे झाले, पाठ पातळ झाली. महाग असं आता त्यात तूच उरली आहेस."

"चांगलं आहे," आत्या म्हणाली. "दोन भाऊ. एक नाक्यावर बुडवतोय, दुसरा कारखान्यात."

मग तिने पर्समधून पाना काढला, वाकून सीटखालचा एक नट दोन वेढे सैल केला आणि तेलाची पिचकारी वहिनींच्या स्वच्छ फरशीवर उडवत सावकाश खाली आली. दांडीला हात लावायचा नाही असा नियम होता. पान्याबद्दल वडिलांनी काही म्हटलेलं नव्हतं.

पाय टेकल्यावर ती थोरल्यांसमोर उभी राहिली. "पंप वजा करून असेल तर आत्ता सही करते. नाहीतर नाही. बोल."

थोरल्यांना खालून यंत्रांचा अर्धा आवाज ऐकू येत होता. त्या आवाजातली माणसं त्यांना नावानिशी ठाऊक होती. कुणाचं घर अर्धवट बांधलेलं, कुणाची मुलगी शिकायला बाहेरगावी. बहिणीकडेही अशीच माणसं आहेत, हे त्यांना कळत होतं. पण ती त्यांनी पाहिलेली नव्हती, आणि न पाहिलेल्या माणसांचा आवाज येत नाही.

"तुझा चहा झालाय ना?" ते म्हणाले. "पाळीला उशीर होईल तुला."

आत्या गेली. धाकटा तिला सोडायला गेला. व्याही करंडी ठेवून गेले. फरशीवरचं तेल पुसताना वहिनींनी ऐकलं, थोरले सूनबाईंना म्हणाले, "ते दुसरं लिही."

सुनावणीचे अधिकारी डोक्याने पूर्ण तुळतुळीत होते, त्यामुळे सलूनच्या खुर्चीच्या प्रकरणात त्यांच्या तटस्थपणाविषयी शंका घ्यायला जागा नव्हती. खोली लहान, टेबलावर पाण्याचा जग, खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करतंय. धाकट्याची खुर्ची पुरावा म्हणून आणली होती. नट सैल असल्यामुळे ती एका बाजूला कलून उभी होती.

"अर्जावर सही एकच दिसते," अधिकारी म्हणाले.

"पंप तयार करणाऱ्या बाई पलीकडच्या उत्पादकाच्या नात्यातल्या आहेत," सूनबाई म्हणाल्या. आवाज ठाम होता. तो त्यांनी गाडीत दोनदा म्हणून बघितला होता. "त्यांना इथल्या उद्योगात धरू नये अशी आमची विनंती आहे. त्या वगळल्या तर बाकी काम अर्जदाराचंच आहे."

"नात्यातल्या म्हणजे कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग, फॉर्ममधली पुढची ओळ वाचावी तसं, थोरल्यांकडे बघून विचारलं, "आणि या बाईंचं तुमच्याशी काही?"

याचीही तयारी झालेली होती. विचारणार नाहीत, पण विचारलंच तर व्यवहाराचं नातं आहे म्हणा, त्या आपल्याला पंप पुरवतात, खोटं नाही ते, असं सूनबाईंनी गाडीत पढवलं होतं आणि थोरल्यांनी मान डोलावली होती. आताही त्यांनी तोंड उघडलं. बाहेरची मोटारसायकल चालू झाली आणि निघून गेली.

"माझी बहीण," थोरले म्हणाले.

सूनबाईंचं पेन थांबलं.

"सख्खी?"

"सख्खी."

अधिकाऱ्यांनी आपण वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचलं. "मग हे पलीकडचे उत्पादक तुमचे..."

"धाकटा भाऊ."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, ज्या नियमाने मी बाईंना वगळायचं, त्याच नियमाने तुम्हालाही वगळावं लागेल. मग या देशात सलूनच्या खुर्च्या करणारं उरलं कोण?"

थोरल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"कुणी नाही, साहेब. सगळीकडे आम्हीच आहोत."

अर्ज निकाली निघायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. कललेली खुर्ची दोघा शिपायांनी खाली आणून गाडीत चढवली. कचेरीच्या पायऱ्यांवर थोरले थांबले, खिसे चाचपत राहिले.

"दुसऱ्या लाईनीचं लोकांना मी सांगतो," ते म्हणाले. "तू नको येऊस त्या वेळी."

"बाबा," सूनबाईंना राहवलं नाही, "आपलं ठरलं होतं. व्यवहाराचं नातं, एवढंच म्हणायचं होतं. जिंकत होतो आपण."

"म्हणणार होतो गं. अगदी ओठांवर होतं." किल्ली सापडली. ती त्यांनी तळहातावर ठेवून बघितली. "मग वाटलं, एकदा ही पलीकडची असं लिहून दिलं, की माझ्या खुर्च्यांच्या पोटातला पंपसुद्धा पलीकडचा ठरला. हात व्याह्यांकडचे, ते आधीच पलीकडचे. मग कर लावून मी वाचवणार होतो ते काय?"